कम्युनिटी कॉलेजमधील समुपदेशन सेवा घेताना या चुका टाळा

कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजांच्या सार्वजनिक व्यवस्थेत ११६ महाविद्यालये असून तेथे दरवर्षी सुमारे २० लाख विद्यार्थी शिकतात. बे एरियातील मराठी कुटुंबांचा या व्यवस्थेशी अनेक वाटांनी संबंध येतो. कोणाची मुलगी हायस्कूलमध्ये असतानाच कूपरटिनोच्या डी अँझा किंवा लॉस आल्टोस हिल्सच्या फूटहिल कॉलेजात एखादा विषय घेते, कोणाचा मुलगा फ्रीमाँटच्या ओलोनी कॉलेजात दोन वर्षे शिकून पुढे विद्यापीठात जाण्याचे ठरवतो, एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर आलेली एखादी पदवीधर स्त्री नवा व्यवसाय शिकू पाहते, तर कोणी पुण्या-नाशिकहून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर थेट येथेच दाखल होतो. राज्याच्या रहिवाशांना सेमिस्टर पद्धतीच्या (वर्षात दोन मुख्य सत्रे) कॉलेजात एका युनिटमागे, म्हणजे विषयाचा भार मोजण्याच्या एककामागे, ४६ डॉलर आणि क्वार्टर पद्धतीच्या (वर्षात तीन मुख्य सत्रे) कॉलेजात ३१ डॉलर शुल्क पडते, त्यामुळे पैशाचे गणित लगेच पटते. कोणते विषय, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या विद्यापीठासाठी घ्यायचे, हा पुढचा प्रश्न मात्र ओळखीच्यांना विचारून आणि स्वतःच्या अंदाजाने सोडवण्याकडे आपल्या घरांतून कल दिसतो, आणि बहुतेक नुकसान तेथेच होते.

हे नुकसान टाळण्याची सोय कॉलेजातच आहे. २०१२ मध्ये संमत झालेल्या राज्याच्या कायद्याने ओरिएंटेशन, समुपदेशन आणि लेखी एज्युकेशन प्लॅन (कोणत्या सत्रात कोणते विषय घ्यायचे याचा आराखडा) या सेवांना कॉलेजच्या मूळ कर्तव्यांत स्थान दिले. येथील काउन्सेलर प्राध्यापकवर्गात मोडतात, त्यांना पदव्युत्तर पदवी आवश्यक असते आणि त्यांच्या भेटीसाठी वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत. पण ही सेवा आपणहून विद्यार्थ्यापर्यंत येत नाही. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये ‘असॅप’ नावाचा कार्यक्रम सुरू केला, त्यात सल्लागाराला वारंवार भेटणे बंधनकारक होते आणि एका सल्लागाराकडे मोजकेच विद्यार्थी होते. एमडीआरसी या संशोधनसंस्थेने चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडलेल्या दोन गटांची तुलना केली, तेव्हा तीन वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचे प्रमाण कार्यक्रमातील गटात ४० टक्के आणि बाहेरच्या गटात २२ टक्के आढळले. त्या कार्यक्रमात शुल्काची आणि प्रवासखर्चाचीही मदत होती, म्हणून सगळे श्रेय समुपदेशनाला देता येणार नाही. तरीही नियमित भेट ही त्याची एक मुख्य अट होती, हे विसरून चालणार नाही. आपल्याकडच्या बहुतेक विद्यार्थ्यांवर अशी अट नसते, म्हणून ती त्यांनी स्वतःवर घालून घ्यावी लागते.

चुकीच्या खिडकीवर प्रश्न विचारणे

‘काउन्सेलिंग’ या एकाच नावाखाली कॉलेजात निरनिराळी कामे चालतात आणि ती वेगवेगळी माणसे करतात. विषयनिवड आणि एज्युकेशन प्लॅन हे अॅकॅडमिक काउन्सेलरचे काम आहे. विद्यापीठात जाण्याचे अर्ज आणि विद्यापीठांच्या प्रतिनिधींच्या भेटी ट्रान्स्फर सेंटरमध्ये होतात. आर्थिक मदतीचे कार्यालय वेगळे असते, आणि एफ-१ विद्यार्थ्यांसाठी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातील अधिकृत अधिकारी, ज्याला डीएसओ म्हणतात, तो वेगळा असतो. मानसिक आरोग्याचे समुपदेशन परवानाधारक थेरपिस्ट करतात. परीक्षेची भीती, झोप न लागणे, घरातील ताण यांसाठी विषयनिवडीच्या काउन्सेलरकडे वेळ घेतली तर तो योग्य ठिकाणी पाठवील, पण तोपर्यंत दोन आठवडे गेलेले असतील. आपल्या समाजात या सेवेबद्दल अजून संकोच आहे. थेरपिस्टशी झालेले बोलणे गोपनीय असते, जिवाला धोका असल्याखेरीज ते पालकांना कळवले जात नाही, एवढे मुलांना घरातूनच सांगितलेले बरे. तातडीच्या संकटात ९८८ हा देशभर चालणारा क्रमांक २०२२ पासून उपलब्ध आहे.

रहिवासाचा प्रश्न हे या गोंधळाचे ठळक उदाहरण आहे. एच-१बी या नोकरीच्या आणि एच-४ व्हिसावरील व्यक्ती, सत्र सुरू होण्यापूर्वी किमान एक वर्ष आणि एक दिवस कॅलिफोर्नियात राहून तेथेच राहण्याचा इरादा कागदपत्रांनी दाखवू शकत असतील, तर शुल्कापुरत्या रहिवासी ठरू शकतात. व्हिसाधारक म्हणजे परदेशी आणि परदेशी म्हणजे महाग शुल्क, असे गृहीत धरून काही कुटुंबे युनिटमागे अनेकपट रक्कम भरतात. याचा निर्णय काउन्सेलर करत नाही. तो अॅडमिशन्स अँड रेकॉर्ड्स कार्यालयात होतो, आणि त्यासाठीची कागदपत्रे सत्रापूर्वी द्यावी लागतात.

हायस्कूलमध्ये आयईपी या विशेष गरजांच्या वैयक्तिक शिक्षण-आराखड्यानुसार ज्यांना परीक्षेत जादा वेळ किंवा अन्य सवलत मिळत होती, त्यांनीही हे ध्यानात घ्यावे की ती सवलत कॉलेजात आपोआप पुढे चालू राहत नाही. अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना साहाय्य करणाऱ्या डीएसपीएस विभागात विद्यार्थ्याने स्वतः नोंदणी करावी लागते, तीही पहिल्या परीक्षेच्या आधी.

उशिरा आणि रिकाम्या हाताने जाणे

सत्राचा पहिला आठवडा आणि नोंदणी सुरू होण्याचे दिवस या काळात काउन्सेलरच्या भेटी मिळणे सर्वांत कठीण असते, आणि नेमके तेव्हाच बहुसंख्य विद्यार्थी तेथे पोहोचतात. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा हा प्रकार आहे. सत्राच्या मध्यावर, जेव्हा कार्यालय तुलनेने मोकळे असते, तेव्हा अर्ध्या तासाची किंवा त्याहून मोठी वेळ ठरवून घ्यावी आणि पुढच्या तीन-चार सत्रांचा विचार एकदम करावा. ड्रॉप-इन भेट ही एखादा नेमका, छोटा प्रश्न सोडवण्यासाठी असते. संपूर्ण आराखडा तेथे होत नाही.

भेटीला जाताना सर्व कॉलेजांच्या ट्रान्सक्रिप्टच्या (गुणपत्रकांच्या) प्रती, हायस्कूलमध्ये दिलेल्या कॉलेज-पातळीच्या एपी परीक्षांचे गुण, मनातील दोन-तीन विद्यापीठांची व मेजरची (पदवीच्या मुख्य विषयाची) नावे आणि लिहून काढलेले प्रश्न सोबत असावेत. एपीचे गुण न सांगितल्याने ज्या विषयाचे श्रेय आधीच मिळालेले आहे तोच विषय पुन्हा घेतल्याची आणि दोहोंपैकी एकाचेच युनिट मोजले गेल्याची उदाहरणे सर्रास आढळतात. भेट संपताना एज्युकेशन प्लॅन कॉलेजच्या प्रणालीत नोंदवला गेला आहे ना, हे विचारून घ्यावे. एका सत्रापुरता संक्षिप्त प्लॅन आणि अखेरपर्यंतचा सविस्तर प्लॅन असे दोन प्रकार असतात. पहिल्यावर समाधान मानून दोन वर्षे काढणे ही मोठी चूक आहे. दोन काउन्सेलरांनी दोन वेगळी उत्तरे दिली, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. बहुतेक वेळा त्यामागे विद्यार्थ्याने दोघांना दिलेली वेगवेगळी माहिती असते. मेजर किंवा विद्यापीठ बदलले की उत्तरही बदलते, म्हणून मिळालेला सल्ला लेखी स्वरूपात, निदान ईमेलवर, मागून घ्यावा.

ट्रान्स्फरचे गैरसमज

सर्वांत महाग चुका येथे होतात, म्हणून या भागावर थोडे अधिक थांबणे आवश्यक आहे.

पहिला गैरसमज असा की ६० सेमिस्टर युनिट किंवा ९० क्वार्टर युनिट पूर्ण झाले म्हणजे ट्रान्स्फर, म्हणजे कॉलेजातून विद्यापीठात प्रवेश, झाली. तेवढे युनिट ही किमान अट आहे. प्रवेश मिळतो तो मेजरसाठी लागणाऱ्या पूर्वतयारीच्या विषयांवर आणि गुणांवर. कोणत्या कॉलेजचा कोणता विषय कोणत्या विद्यापीठात कशाच्या बदल्यात धरला जातो, हे ‘असिस्ट’ या राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावर कॉलेजनिहाय आणि मेजरनिहाय दिलेले आहे. मैत्रिणीच्या दादाने जे विषय घेतले तेच घेणे धोक्याचे आहे, कारण एकाच मेजरसाठी बर्कलीची, सॅन डिएगोची आणि अर्वाइनची यादी वेगवेगळी असू शकते, आणि ती दरवर्षी बदलूही शकते. असिस्टवरील यादी स्वतः काढावी आणि ती घेऊन काउन्सेलरकडे जावे. यादी वाचणे विद्यार्थ्याचे काम आहे, तिच्यातील फटी दाखवणे काउन्सेलरचे.

जुने कागद वापरणे हा दुसरा धोका. २०२५ च्या फॉल सत्रापासून नव्याने दाखल होणाऱ्यांसाठी ‘आयजेटसी’ या सामान्य शिक्षणाच्या जुन्या चौकटीची जागा ३४ युनिटांच्या ‘कॅल-जेटसी’ने घेतली आहे. त्याच सुमारास काही विषयांना सर्व कॉलेजांत समान क्रमांक देण्यास सुरुवात झाली, त्यामुळे मोठ्या भावंडाच्या वेळचा विषय-क्रमांक आता कॅटलॉगमध्ये सापडणारही नाही. जे विद्यार्थी आधीपासून सलग शिकत आहेत त्यांना जुन्या अटी लागू राहण्याचा हक्क मिळू शकतो. मध्ये खंड पडला असेल तर तो हक्क टिकला आहे का, हे विचारल्याशिवाय पुढचे विषय घेऊ नयेत. आणखी एक गोष्ट: इंजिनीअरिंगला जाणाऱ्यांनी सामान्य शिक्षणाची चौकट आधी पूर्ण करण्याच्या मागे लागू नये. त्यांच्या बाबतीत गणित, भौतिकशास्त्र आणि मेजरचे इतर विषय यांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या (यूसीच्या) शाखा प्राधान्य देतात.

‘टॅग’ म्हणजे प्रवेशाची हमी देणारा करार. तो यूसीच्या डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहाच कॅम्पसांशी करता येतो, आणि त्यांपैकी एकाशीच. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो यांच्याशी असा करार होत नाही. सँटा बार्बराच्या इंजिनीअरिंग कॉलेजला तो लागू नाही, आणि इतर काही कॅम्पसांनीही गर्दीच्या मेजर त्यातून वगळल्या आहेत. आपल्या मुलांचा ओढा ज्या कम्प्युटर सायन्सकडे असतो तेथे हे आवर्जून तपासावे. फॉल प्रवेशासाठी टॅगचा अर्ज आदल्या सप्टेंबरच्या १ ते ३० तारखेत भरावा लागतो. तो भरला म्हणजे काम झाले असे समजून त्यानंतरचा यूसीचा मुख्य अर्ज न भरणारे विद्यार्थी असतात, आणि त्यांची हमी त्याच क्षणी संपते.

कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी (सीएसयू) या राज्याच्या दुसऱ्या विद्यापीठ-व्यवस्थेसाठी असलेली ‘असोसिएट डिग्री फॉर ट्रान्स्फर’ ही २०१० च्या कायद्याने आलेली पदवी चांगली वाट आहे, पण तिची हमी सीएसयूच्या व्यवस्थेत जागा मिळण्याची आहे, मनाजोगत्या कॅम्पसची नव्हे. सॅन होजे स्टेटचे कम्प्युटर सायन्स अत्यंत गर्दीचे आहे. केवळ ही पदवी हातात आहे म्हणून तेथील प्रवेश गृहीत धरू नये.

मालिकेतील विषय मध्येच दुसऱ्या कॉलेजात घेणे ही चूक बे एरियात विशेष होते, कारण येथे क्वार्टर पद्धतीचे डी अँझा व फूटहिल आणि सेमिस्टर पद्धतीचे मिशन, वेस्ट व्हॅली, ओलोनी ही कॉलेजे शेजारी-शेजारी आहेत. कॅल्क्युलसची मालिका क्वार्टरमध्ये अधिक तुकड्यांत विभागलेली असते. पहिला तुकडा एका पद्धतीत आणि दुसरा दुसऱ्या पद्धतीत घेतला, तर मधला काही भाग शिकायचाच राहतो आणि विद्यापीठ ती मालिका पूर्ण मानेल याची खात्री उरत नाही. सुरू केलेली मालिका शक्यतो त्याच कॉलेजात संपवावी. अक्षरश्रेणीऐवजी केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण दाखवणाऱ्या ‘पास-नो पास’ श्रेणीचा आधार घेतानाही सावध असावे: यूसी ट्रान्स्फरमध्ये अशा युनिटांना १४ सेमिस्टर किंवा २१ क्वार्टर युनिटांची मर्यादा घालते, आणि मेजरच्या विषयांत साधारणपणे अक्षरश्रेणीच अपेक्षित असते.

हायस्कूलच्या मुलांनी घेतलेले विषय

सुट्टीत मुलाला कॉलेजचा एक विषय घ्यायला लावणे ही बे एरियातील मराठी घरांत रूढ झालेली गोष्ट आहे, आणि योग्य मुलासाठी ती उपयोगीही आहे. मात्र तेथे मिळालेली श्रेणी कायमच्या कॉलेज ट्रान्सक्रिप्टवर जाते आणि पुढे प्रत्येक विद्यापीठाला ती कळवावी लागते. उन्हाळ्याचे सत्र आटोपशीर असल्याने त्याचा वेग दुप्पट असतो. वर्गात जाणे थांबवले म्हणजे नाव आपोआप निघाले, असे मानणाऱ्या मुलांच्या नावापुढे एफ लागल्याची उदाहरणे आहेत. विषय सोडायचा असेल तर ठरलेल्या तारखेच्या आत विद्यार्थ्याने स्वतः प्रणालीतून तो सोडला पाहिजे.

पालकांनी मुलाच्या वतीने बोलणे

१९७४ च्या ‘फर्पा’ या केंद्रीय कायद्यानुसार कॉलेजातील नोंदींवरचा हक्क विद्यार्थ्याचा असतो, आणि विद्यार्थी १८ वर्षांखालचा, हायस्कूलमधलाच असला तरी कॉलेजच्या विषयांपुरता हा हक्क त्याच्याकडेच असतो. त्यामुळे विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय काउन्सेलर पालकांना श्रेणी किंवा प्लॅन सांगत नाही, आणि यात उद्धटपणा नसतो. मुलाचे लॉगिन वापरून पालकांनी काउन्सेलरला ईमेल पाठवणे हा यावरचा उपाय नव्हे. त्याने सल्ला वडिलांच्या इच्छेवर दिला जातो आणि मुलगा मनातले कधीच बोलत नाही. पालकांना भेटीत सामील व्हायचे असेल तर मुलाने तसे सांगावे आणि पालकांनी बहुतांशी ऐकून घ्यावे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

एफ-१ विद्यार्थ्यांच्या चुका

एफ-१ विद्यार्थ्याला प्रत्येक नियमित सत्रात किमान १२ युनिट घ्यावे लागतात, आणि पूर्णपणे ऑनलाइन असलेला एकच विषय, तोही तीन युनिटांपर्यंतचा, त्या मोजणीत धरला जातो. अॅकॅडमिक काउन्सेलरने ‘हा विषय जड जात असेल तर सोडून दे’ असे सांगितले, तर तो सल्ला शिक्षणाच्या दृष्टीने योग्य असू शकतो. पण युनिट १२ खाली गेल्यास आधी डीएसओची परवानगी लागते, नाहीतर व्हिसाचा दर्जाच धोक्यात येतो. क्रम असा ठेवावा: आधी डीएसओ, मग विषय सोडणे. नोकरीच्या बाबतीतही हाच क्रम. सत्रात आठवड्याला २० तासांपर्यंत कॅम्पसवर काम करता येते. सीपीटीसाठी, म्हणजे शिक्षण चालू असतानाच्या कॅम्पसबाहेरच्या प्रशिक्षण-कामासाठी, साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झालेले असावे लागते आणि काम अभ्यासक्रमाचा भाग असावे लागते. असोसिएट या दोन वर्षांच्या पदवीनंतर १२ महिन्यांचे ओपीटी, म्हणजे शिकलेल्या विषयात काम करण्याची परवानगी, मिळू शकते, परंतु स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनीअरिंग, गणित) विषयांची पुढची मुदतवाढ बॅचलर किंवा वरच्या पदवीलाच आहे. भारतातून निघताना हा फरक माहीत नसणारे विद्यार्थी पुढे अडचणीत येतात.

एच-४ वरील मुला-मुलींनी वयाची २१ वर्षे पूर्ण होण्याच्या बरेच आधी इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्यावा, कारण त्या वयात तो दर्जा संपतो आणि एफ-१ वर गेल्यास शुल्काचा हिशेबही बदलू शकतो. काउन्सेलर कायदेशीर सल्ला देऊ शकत नाही आणि त्याच्याकडून तो मागूही नये.

पदवी असताना शून्यापासून सुरुवात

बी.कॉम., बी.एस्सी. किंवा एम.ए. झालेल्या अनेक स्त्रिया येथे बालशिक्षण, अकाउंटिंग, डेंटल हायजीन, नर्सिंग यांसारख्या अभ्यासक्रमांकडे वळतात. भारतीय पदवीचे नेसेस या संघटनेच्या सदस्य संस्थेकडून, उदाहरणार्थ डब्ल्यूईएसकडून, मूल्यमापन करून न घेताच त्या पहिल्या वर्षाचे सामान्य विषय पुन्हा शिकू लागतात. मूल्यमापनाचा अहवाल आधी कॉलेजला द्यावा आणि त्यातले काय स्वीकारले जाते हे लेखी घ्यावे. विषयनिहाय अहवाल मागितला जातो, केवळ पदवीचा सारांश पुरत नाही. नर्सिंगसारख्या अभ्यासक्रमांत शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र हे विषय आधी पूर्ण करावे लागतात, जागा मर्यादित असतात, आणि काही ठिकाणी हे विषय ठराविक वर्षांच्या आत घेतलेले असावे लागतात. पंधरा वर्षांपूर्वीचे बी.एस्सी. तेथे चालेल का, हे त्या विभागालाच विचारावे. एच-४ वर शिकता येते, पण काम करण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो, आणि तो मिळण्याची शक्यता नसेल तर परवानाधारक व्यवसायाचा अभ्यासक्रम निवडण्यापूर्वी त्या वास्तवाला सामोरे जावे.

करिअर सेंटरला शेवटच्या सत्रात जाणे

करिअर सेंटर म्हणजे रेझ्युमे तपासण्याची जागा, अशी समजूत असल्याने विद्यार्थी तेथे अगदी अखेरीस जातात. वास्तविक मेजर ठरवण्याच्या आधीच तेथील भेट सर्वांत उपयोगी पडते. अनेक कॉलेजांत करिअर नियोजनाचा युनिट असलेला विषयच शिकवला जातो आणि स्ट्राँग इंटरेस्ट इन्व्हेंटरीसारख्या चाचण्या तज्ज्ञाकडून समजावून मिळतात. चाचणीचा निकाल हा निर्णय नसतो, तो बोलण्याचा आरंभ असतो. आपल्या समाजात कम्प्युटर सायन्स हेच जणू गृहीत उत्तर झाले आहे. गणितात सतत डी मिळणाऱ्या मुलाने तिसऱ्यांदा तोच विषय घेण्यापेक्षा फूटहिलमधील आरोग्यसेवेचे अभ्यासक्रम किंवा डी अँझामधील ऑटोमोटिव्ह तंत्रज्ञान पाहिले, तर त्यात कमीपणा नाही. फूटहिलमध्ये डेंटल हायजीनची बॅचलर पदवीही मिळते, हे पुष्कळ घरांना ठाऊक नसते.

चूक होऊनच गेली असेल तर

नोंदणी अडली असेल तर प्रणालीत होल्ड (नोंदणी रोखणारी खूण) कोणाचा आहे ते पाहावे. राहिलेले ओरिएंटेशन, थकलेले शुल्क, घसरलेली सरासरी यांपैकी प्रत्येकाचे कार्यालय वेगळे आहे. सरासरी २.० खाली गेल्यास येणारी सूचना ही काढून टाकण्याची नोटीस नसते. तिच्यानंतर लगेच काउन्सेलरची भेट घेऊन विषयांची संख्या कमी करावी, मोफत शिकवणी लावावी आणि आर्थिक मदत चालू असेल तर तिच्या वेगळ्या प्रगती-अटी तपासाव्यात, कारण डब्ल्यू (मध्येच सोडल्याची नोंद) लागलेला विषयही तेथे ‘घेतलेला’ म्हणून मोजला जातो. आजारपण, अपघात, घरातील मृत्यू अशा कारणाने सत्र बिघडले असेल तर एक्स्क्यूज्ड विथड्रॉवलसाठी कागदपत्रांसह अर्ज करता येतो. जुन्या वाईट श्रेणी सरासरीतून वगळण्यासाठी अॅकॅडमिक रिन्यूअलची तरतूद आहे. त्या ट्रान्सक्रिप्टवर दिसत राहतात, आणि प्रत्येक कॉलेजच्या अटी निराळ्या असतात. राज्याच्या कॅल ग्रँट या आर्थिक मदतीची २ मार्चची मुदत चुकलेल्या कम्युनिटी कॉलेजच्या पात्र विद्यार्थ्यांसाठी २ सप्टेंबरची दुसरी मुदत असते, ती मात्र एफ-१ किंवा एच-४ वरील विद्यार्थ्यांच्या उपयोगाची नाही, कारण केंद्राच्या आर्थिक मदतीचा फॅफ्सा अर्ज त्यांना लागू होत नाही. टॅगची तारीख हुकली असेल तर त्या वर्षी हमी मिळत नाही, पण यूसीचा सर्वसाधारण अर्ज ऑक्टोबरपासून पुढे सादर करता येतो, आणि त्यासाठी सप्टेंबरअखेरीलाच ट्रान्स्फर सेंटरमध्ये वेळ मागून ठेवावी.